पडद्यावरच्या आईचे वय

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयाची निघाली, ती म्हणजे चित्रपट आणि मालिकांमधल्या वयस्कर स्त्रिया. त्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे थोडक्यात घेतली आहेत आणि सदराच्या प्रथेप्रमाणे पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या लहानपणी पडद्यावरची आई म्हणजे शिवणयंत्र, खोकला आणि देवघर. हल्ली नात मला जे काही दाखवते, त्यात माझ्या वयाच्या बायका एकट्या प्रवासाला जातात, पुन्हा लग्न करतात, गुन्ह्यांचा तपाससुद्धा करतात. हा बदल खरा मानायचा की वरवरचा? (निवृत्त शिक्षिका, कोथरूड)

उत्तर : बदल खरा आहे, परंतु तो बहुतेक जण चुकीच्या जागी शोधतात. वयस्कर बाई पडद्यावर नव्हती असा काळ आपल्याकडे कधीच नव्हता. दुर्गा खोटे, लीला चिटणीस, ललिता पवार, सुलोचना, निरूपा रॉय यांना वगळून जुन्या हिंदी चित्रपटांचा इतिहास लिहिताच येणार नाही. उणीव होती ती त्या बाईच्या स्वतःच्या मागणीची. मुलगा शिकावा, मुलगी चांगल्या घरी पडावी, परागंदा झालेला थोरला परत यावा, घराण्याची अब्रू राहावी, एवढ्याच तिच्या इच्छा. आणि त्या पुऱ्या होणे न होणे सर्वस्वी दुसऱ्या कोणाच्या तरी हाती. त्यामुळे एखादा चित्रपट पाहताना मी तिच्या साडीचा रंग किंवा हातातला मोबाइल पाहत नाही. तिला स्वतःसाठी काय हवे आहे आणि तिच्या हवेपणामुळे कथा पुढे सरकते का, एवढेच पाहते.

२०१२ साली आलेल्या ‘इंग्लिश विंग्लिश’ची नायिका शशी गोडबोले ही पुण्यातली गृहिणी, घरी लाडू करून विकणारी, आणि दिग्दर्शिका गौरी शिंदे याही पुण्यातच वाढलेल्या. न्यूयॉर्कमधल्या एका कॉफीच्या दुकानात शशी रांगेत उभी राहते तो प्रसंग आठवा. काउंटरवरची बाई भराभर प्रश्न विचारते, शशीला प्रश्नच कळत नाहीत, मागची रांग चुळबुळू लागते आणि अखेर ती रडवेली होऊन बाहेर पळते. तिथे कोणाच्या मुलाचा जीव टांगणीला लागलेला नाही, कोणाचे कुंकू पुसले जाणार नाही. दोन मुलांच्या आईचा चारचौघांत पाणउतारा झाला, एवढेच घडले आहे, आणि तेवढ्यावर पुढचा सगळा चित्रपट तोलला गेला आहे. त्या वेळी श्रीदेवी एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. (शशीच्या सासूबाईंच्या भूमिकेत सुलभा देशपांडे आहेत. सासू घरात असूनही सासुरवास नाही, हे त्या चित्रपटाचे दुर्लक्षित वैशिष्ट्य आहे.)

दुसरे उदाहरण अलीकडचे आणि अधिक कडवट आहे. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या माजी विद्यार्थिनी पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ या चित्रपटाला २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री हा सन्मान मिळाला. त्यात छाया कदम यांनी मुंबईतल्या रुग्णालयात स्वयंपाक करणाऱ्या पार्वतीची भूमिका केली आहे. नवरा गेलेला, ज्या खोलीत संसार केला तिचा एकही कागद हातात नाही, आणि तिथे टोलेजंग इमारत उठवायला निघालेला बिल्डर दाराशी. एका रात्री पार्वती आपल्या सहकारी परिचारिकेला घेऊन त्या बिल्डरच्या भल्यामोठ्या जाहिरातफलकावर दगड मारते. त्या दगडाने काहीही बदलत नाही. ती गाशा गुंडाळून रत्नागिरीकडच्या आपल्या गावी निघून जाते. पण तिचा राग तिच्या स्वतःच्या छपरासाठी आहे, मुलाबाळांसाठी नाही, आणि असा राग जुन्या चित्रपटांतल्या आईच्या वाट्याला क्वचितच आला.

क्वचितच, कारण अपवाद होते आणि ते मराठीत ठळक होते. राजा परांजपे यांच्या ‘ऊन पाऊस’ या १९५४ सालच्या चित्रपटाने म्हाताऱ्या आईवडिलांची मुलांमध्ये होणारी वाटणी कथेच्या मध्यभागी आणली होती. ‘बागबान’ त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी आला. पुण्याच्या सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘दोघी’ या १९९५ सालच्या चित्रपटात उत्तरा बावकर यांनी रंगवलेली आई तर आजही अंगावर येते. घर चालावे म्हणून थोरली मुलगी मुंबईला पाठवली जाते, तिथून येणाऱ्या पैशांवर घरातली चूल पेटते, आणि तीच मुलगी परत आल्यावर आई तिच्यापासून तोंड फिरवते. ही बाई दुष्ट नाही आणि देवीही नाही; गावात तोंड दाखवायचे आहे आणि पोटही भरायचे आहे, या दोन्हींच्या कात्रीत ती सापडली आहे. पूर्वी अशी भूमिका दहा वर्षांतून एखादी लिहिली जाई. आता ती अधूनमधून लिहिली जाते आणि तिच्यावर पैसे लावणारे निर्मातेही भेटतात. आपल्या नातीला दिसतो तो बदल यातूनच आलेला आहे.

प्रश्न : कालपर्यंत नायकाची प्रेयसी असलेली अभिनेत्री आज त्याची आई कशी होते? आणि नायक मात्र तिथल्या तिथेच कसा राहतो? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सहकारनगर)

उत्तर : आपण विचारले आहे त्याहून प्रकरण विचित्र आहे. १९७० सालचा ‘जॉनी मेरा नाम’ घ्या. नायक देव आनंद यांचा जन्म १९२३ चा. त्यांच्या आईची भूमिका करणाऱ्या सुलोचनाबाईंचा जन्म १९२८ चा, म्हणजे आई मुलापेक्षा पाच वर्षांनी लहान. त्याच चित्रपटातली नायिका हेमा मालिनी यांचा जन्म १९४८ चा. एकाच पडद्यावर एका पुरुषाच्या एका बाजूला त्याच्याहून धाकटी आई आणि दुसऱ्या बाजूला पंचवीस वर्षांनी लहान प्रेयसी उभी आहे, आणि प्रेक्षकांपैकी कोणालाही त्यात खटकण्यासारखे काही वाटले नाही.

लीला चिटणीस यांची कथा याहून बोलकी आहे. १९३९ ते १९४१ या काळात ‘कंगन’, ‘बंधन’ आणि ‘झूला’ या चित्रपटांत त्या अशोक कुमार यांच्या नायिका होत्या. १९४८ च्या ‘शहीद’मध्ये त्या दिलीप कुमार यांच्या आई झाल्या, आणि पुढच्याच वर्षी ‘महल’मध्ये अशोक कुमार हे सोळा वर्षांच्या मधुबालाचे नायक होते. वहिदा रहमान ‘कभी कभी’मध्ये अमिताभ बच्चन यांच्या पत्नी होत्या, ते १९७६ साल, ‘त्रिशूल’मध्ये त्यांच्याच आई झाल्या, ते १९७८ साल. दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक यश चोप्राच. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या रिमा लागू ‘मैंने प्यार किया’च्या वेळी एकतीस वर्षांच्या होत्या, आणि ‘वास्तव’मध्ये त्यांचा मुलगा झालेले संजय दत्त त्यांच्यापेक्षा जेमतेम एका वर्षाने लहान होते. हे सगळे जुन्या जमान्यात जमा झाले असे समजू नका. २०१९ च्या ‘गली बॉय’मध्ये अमृता सुभाष यांनी रणवीर सिंग यांची आई साकारली आणि त्या दोघांच्या वयांत सहा वर्षांचे अंतर आहे. आजीच्या भूमिकेत मात्र अमृताच्या खऱ्या आई ज्योती सुभाष होत्या. निदान तिथे तरी वयाचा हिशेब जुळला.

‘मदर इंडिया’चे उदाहरण नेहमी दिले जाते, नर्गिस आणि सुनील दत्त दोघेही जून १९२९ चे. पण ते मी या यादीत धरत नाही, कारण त्या कथेत राधा नववधूपासून वृद्धेपर्यंत सगळ्या वयांतून जाते आणि ती सगळी वये एकाच अभिनेत्रीने करणे रास्त होते.

आता कारणे. चित्रपटाला पैसा उभा राहायचा तो नायकाच्या नावावर. प्रांतोप्रांतीचे वितरक नाव ऐकूनच आगाऊ रक्कम देत. असे नाव वीस-तीस वर्षे चालवायचे, तर त्याचे वय झाकावे लागते, आणि ते झाकण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे त्याच्या शेजारी दरवेळी नवी, लहान नायिका उभी करणे. उलट नायिकेची कथा लग्नापाशी संपायची. लग्नानंतर तिचे काय होते यात कोणाला रस नव्हता, त्यामुळे ती पुन्हा पडद्यावर यायची ती थेट कोणाची तरी आई होऊनच. मधली वीस वर्षे, म्हणजे बाईच्या आयुष्यातली सर्वांत धकाधकीची वर्षे, आपल्या चित्रपटांनी जवळजवळ कोरी सोडली आहेत. शिवाय अनेक अभिनेत्री लग्नानंतर काम सोडत आणि काही वर्षांनी परतत, तेव्हा तेवढा एकच दरवाजा उघडा असे. एकदा आईची भूमिका केली की शिक्का बसायचा आणि तो पुसण्याची सोय नव्हती. पण म्हणून त्या सगळ्याजणी अन्यायाने पिचून गेल्या असे चित्र रंगवणेही खरे नाही. आईच्या भूमिकेला चित्रीकरणाचे दिवस कमी लागत, वर्षाकाठी बरेच चित्रपट मिळत, आणि नायिका म्हणून पाच वर्षे टिकली असती अशी कारकीर्द त्यामुळे तीस वर्षे चालली. व्यवहार म्हणून तो वाईट नव्हता. वाईट होते ते लेखन.

प्रश्न : ललिता पवार यांना खाष्ट सासूच्या भूमिका केवळ डोळ्याच्या व्यंगामुळे मिळाल्या, हे खरे का? (वाचक, हडपसर)

उत्तर : अर्धे खरे. १९४२ साली एका चित्रीकरणात सहकलाकार भगवान यांची थप्पड जोरात बसली, त्यातून चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला आणि डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला. तोवर त्या नायिका होत्या. त्यानंतर नायिकेचे दार बंद झाले. पण डोळा बारीक असलेली प्रत्येक नटी ललिता पवार होत नाही. ‘अनाडी’तली मिसेस डिसा पाहा. वरून फणसासारखी ही घरमालकीण आतून काय आहे ते त्यांनी संवादांपेक्षा भाडे मागण्याच्या पद्धतीतून दाखवले आहे, आणि तिच्या मृत्यूनंतरच कथेला खरे वळण लागते. त्या भूमिकेला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या थोडे पुढे होते. ‘रामायण’ मालिकेत मंथरा झाल्या तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. अखेरचे दिवस त्यांनी इथे औंधला काढले आणि १९९८ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

प्रश्न : आमच्या घरी संध्याकाळी सातनंतर दूरचित्रवाणीवर एकापाठोपाठ एक सासवा कारस्थाने करत असतात. मला हा वयस्कर स्त्रियांचा अपमान वाटतो. माझी पत्नी म्हणते, निदान त्या वयाच्या नट्यांना रोजचे काम तरी मिळते. आपले मत काय? (निवृत्त कामगार अधिकारी, चिंचवड)

उत्तर : वहिनींचे म्हणणे आधी घेते, कारण ते अधिक मूलभूत आहे. दैनंदिन मालिकेची गरज चित्रपटापेक्षा वेगळी असते. एकदा उभारलेल्या दिवाणखान्यात आणि स्वयंपाकघरात आठवड्याला पाच-सहा भाग काढायचे असतात, प्रेक्षकसंख्येचे आकडे दर आठवड्याला समोर येतात, आणि संघर्ष घराबाहेर नेला की खर्च वाढतो. घरातल्या घरात सत्ता कोणाकडे असते? जिच्या कमरेला किल्ल्या तिच्याकडे. म्हणूनच चित्रपटात कोपऱ्यात बसवलेली बाई मालिकेत थेट मध्यभागी आली. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ चालली, तिचे तीन हजारांहून जास्त भाग झाले आणि तिच्या केंद्रस्थानी रोहिणी हट्टंगडी यांच्या आशा देशमुख होत्या. या अभिनेत्रीने १९८२ च्या ‘गांधी’मध्ये कस्तुरबा साकारून बाफ्टा पुरस्कार मिळवला होता, पण तेवढ्या उंचीचे, तेवढ्या सातत्याचे काम त्यानंतर हिंदी चित्रपटाने त्यांना दिले नाही, मराठी मालिकेने दिले. पुढे ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये त्या घराचा व्यवसाय चालवणाऱ्या आईआजी झाल्या. ‘चार दिवस सासूचे’मध्ये त्यांची सून झालेल्या कविता लाड-मेढेकर २०२३ मध्ये ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’त भुवनेश्वरी नावाची जबरदस्त सासू होऊन आल्या. सुनेची सासू व्हायला पडद्यावरही वीस वर्षे लागली, हे मला मोठे न्याय्य वाटते.

आता आपली तक्रार. कारस्थानी सासू खटकण्यासारखीच आहे, पण तिचा दुष्टपणा हा माझ्या मते खरा दोष नाही. खलनायिका ही उत्तम भूमिका असू शकते. दोष असा की ती दुष्ट का झाली, हे तिला कधी सांगू दिले जात नाही, आणि आकडे घसरले की एका भागात तिचे हृदयपरिवर्तन उरकले जाते. याउलट जिथे लेखकाने सासूला माणूस म्हणून पाहिले, तिथे प्रेक्षकांनी पाठ फिरवली नाही. ‘अग्गंबाई सासूबाई’ २०१९ मध्ये सुरू झाली. निवेदिता सराफ यांची आसावरी ही वर्षानुवर्षे विधवा, सासऱ्यांच्या करड्या शिस्तीत वावरणारी, एकुलत्या मुलाच्या तालावर नाचणारी. तिच्यासाठी दुसरा नवरा शोधण्याचा आग्रह धरते ती तिची सून आणि त्याला विरोध करतो तो पोटचा मुलगा. सासू-सुनेच्या जुन्या मांडणीची अशी उलटापालट साडेआठच्या वेळेला, ताटे वाढलेली असताना घराघरांत पाहिली गेली. लोकांनी ती पचवली हेच महत्त्वाचे. ‘आई कुठे काय करते’मधली अरुंधती तर पंचवीस वर्षांच्या संसारानंतर घटस्फोट घेते, गाण्याकडे परत वळते आणि पुन्हा लग्न करते; ही मूळ कथा बंगाली मालिकेची असली तरी मराठी घरात ती परकी वाटली नाही.

मात्र मालिकेचा पाय मागेही ओढला जातोच. आसावरीचे लग्न झाल्यावर तिच्यासाठी पुढे काय, याचे उत्तर मालिकेकडे नव्हते. पुढच्या पर्वाचे नावच ‘अग्गंबाई सूनबाई’ ठेवण्यात आले. अरुंधतीच्या दुसऱ्या नवऱ्याला कथेने काही काळाने मारून टाकले. पन्नाशीतल्या बाईला सुख मिळवून देण्यापर्यंत लेखकांची मजल जाते, पण सुखात असलेल्या पन्नाशीतल्या बाईबद्दल रोज वीस-बावीस मिनिटे काय लिहायचे, हे अजून त्यांना सापडलेले नाही. शिवाय ‘लीप’ नावाचा एक प्रकार आहेच. कथा एकदम पंधरा-वीस वर्षे पुढे उडी मारते आणि पंचविशीतली मुलगी कानशिलांजवळ चार पांढरे केस रंगवून सासू होते. स्मृती इराणी २००० साली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ या हिंदी मालिकेत तुलसी झाल्या तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या, आणि मालिका संपेपर्यंत त्या आजी होऊन गेल्या होत्या. अशा प्रत्येक उडीबरोबर खऱ्या पन्नाशीतल्या एका अभिनेत्रीचे काम जाते.

प्रश्न : ‘झिम्मा’ आणि ‘बाईपण भारी देवा’ यांचे एवढे कौतुक का? सहल काढली, मंगळागौर खेळल्या, संपले. यात स्त्रीच्या वयाचा विचार कुठे आहे? (वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : आपला आक्षेप निम्मा मला मान्य आहे. दोन्ही चित्रपटांत प्रत्येकीला एकेक दुःख वाटून दिले आहे आणि शेवटाकडे ती दुःखे फार पटकन मिटतात. ‘बाईपण भारी देवा’मधल्या सहा बहिणींपैकी दोघी-तिघींवरच एक संपूर्ण चित्रपट निघाला असता. पण म्हणून ते चित्रपट मोडीत काढता येणार नाहीत. ‘झिम्मा’ नोव्हेंबर २०२१ मध्ये आला, म्हणजे टाळेबंदीनंतर राज्यातली चित्रपटगृहे नुकतीच उघडली होती आणि लोक बंद सभागृहात बसायला कचरत होते. त्या वेळी सुहास जोशी, निर्मिती सावंत आणि त्यांच्याबरोबरच्या वेगवेगळ्या वयांच्या बायका घरच्या पुरुषांना मागे ठेवून इंग्लंडच्या सहलीला निघाल्या, आणि त्यांच्यामागून प्रेक्षकही घराबाहेर पडले. जून २०२३ अखेर आलेल्या ‘बाईपण भारी देवा’ने सत्तर कोटी रुपयांहून अधिक व्यवसाय केला. रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते या त्यातल्या थोरल्या बहिणी, आणि एकही तरुण नायक नाही. कोथरूडच्या चित्रपटगृहात दुपारच्या खेळाला सोसायट्यांमधल्या बायकांचे जथेच्या जथे, नऊवारी नेसून, गॉगल लावून येत होते, ते मी पाहिले आहे. मध्यंतरात वड्यांच्या रांगेत कोण कोणाची जाऊ आणि कोण नणंद, याची ओळखपरेड चालली होती.

वितरकाला यातून कळले ते असे की पन्नाशीच्या बायका तिकीट काढतात, दहा-बारा जणींचा गट करून काढतात आणि आवडले तर दुसऱ्या गटाबरोबर पुन्हा येतात. विचार नंतर येतो, आधी तिकीटखिडकी हलावी लागते. आणखी एक गोष्ट म्हणजे ‘झिम्मा’ इरावती कर्णिक यांनी लिहिला आहे, ‘बाईपण भारी देवा’ वैशाली नाईक यांनी. लिहिणाऱ्या हातांचा आणि या भूमिकांचा संबंध मला योगायोग वाटत नाही. वर उल्लेख केलेल्या गौरी शिंदे, पायल कपाडिया, सुमित्रा भावे यांची नावे त्यांना जोडून पाहावीत. सुमित्रा भावे यांनी ‘बाई’ हा पहिला लघुपट केला तेव्हा त्या चाळिशी ओलांडलेल्या होत्या आणि त्याआधी समाजकार्याचे अध्यापन करत होत्या. प्रौढ बाईचे जगणे त्यांना कोणी समजावून द्यावे लागले नाही.

प्रश्न : म्हाताऱ्या स्त्रियांच्या भूमिका तरुण नट्यांना का देतात? (वाचक, बिबवेवाडी)

उत्तर : कारण पोस्टरवर नाव लागते. २०१९ च्या ‘सांड की आँख’मध्ये बागपत जिल्ह्यातल्या जोहरी गावच्या चंद्रो आणि प्रकाशी तोमर या साठीनंतर नेमबाजी शिकलेल्या जावांच्या भूमिका भूमी पेडणेकर आणि तापसी पन्नू यांनी केल्या. तेव्हा नीना गुप्ता यांनी, निदान आमच्या वयाच्या भूमिका तरी आम्हाला द्या, असे जाहीरपणे म्हटले होते. हक्काने बोलणारी ही बाई होती. २०१७ मध्ये त्यांनी समाजमाध्यमावर, मी मुंबईत राहते, काम करते आणि चांगल्या भूमिकांच्या शोधात आहे, असे उघड लिहिले. पुढच्याच वर्षी ‘बधाई हो’ आला. जाणत्या मुलांची आई पुन्हा गरोदर राहते ही त्याची कल्पना, आणि त्यातल्या आजीच्या भूमिकेसाठी सुरेखा सिक्री यांना तिसरा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. घरात सुनेला टोमणे मारणारी ती आजी नातेवाइकांनी सुनेला बोल लावताच सगळ्यांसमोर त्यांची खरडपट्टी काढते. त्या प्रसंगातला आवाज, दम लागणे, थरथर हे रंगभूषेच्या पेटीत मिळत नाही.

प्रश्न : मी अठ्ठावन्न वर्षांची आहे, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. महाविद्यालयात असताना नाटकांतून कामे केली होती. आता मालिका-चित्रपटांत काम करावे असे मनात आहे. पुण्यात राहून हे जमेल का, आणि सुरुवात कुठून करावी? (वाचक, औंध)

उत्तर : जमेल, पण आधी मराठी मालिकांचा भूगोल समजून घ्या. बहुतेक मालिकांचे चित्रीकरण मुंबई-ठाण्याच्या परिसरात होते. काहींनी सातारा, कोल्हापूर, नाशिक गाठले आहे. पाळी बारा तासांची असते आणि उद्याचे वेळापत्रक पुष्कळदा आज रात्री कळते. रोजची भूमिका मिळाली तर तिकडे खोली घेऊन राहावे लागेल, आणि घरच्यांशी हे आधीच बोललेले बरे. सुरुवातीला महिन्यातून चार-सहा दिवसांची आत्या, शेजारीण, मुख्याध्यापिका, न्यायाधीश अशी कामे मिळतात. ती कमी लेखू नका. वेळ पाळणारी, पाठांतर चोख असणारी आणि दोन टेकमध्ये दृश्य पुरे करणारी बाई दिग्दर्शकाच्या सहायकांच्या लक्षात राहते आणि पुढचे बोलावणे त्यांच्याकडूनच येते.

पुण्यात राहण्याचा एक फायदा मात्र मुंबईकरांना नाही. विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या विद्यार्थ्यांना आपल्या अभ्यासाच्या चित्रपटांसाठी साठीच्या आसपासचे चेहरे सतत हवे असतात. मानधन नाममात्र असते किंवा नसतेही, पण कॅमेऱ्यासमोर कसे उभे राहायचे, नजर कुठे ठेवायची, रंगमंचावरचा मोठा आवाज कसा उतरवायचा, हे तिथे शिकता येते, आणि हाती दाखवायला काम राहते. संस्था अभिनयाचे अल्पमुदतीचे वर्गही घेते. त्याबरोबर एखाद्या नाट्यसंस्थेत जा आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींना उभ्या राहा. मोडलेली सवय तिथे लवकर जुळते.

ऑडिशनसाठी मिनिटभराची दोन ध्वनिचित्रे तयार ठेवा, एक बोलीभाषेतले आणि एक प्रमाण मराठीतले, दिवसाच्या उजेडात, मागे भिंत मोकळी ठेवून, केसांना रंग न लावता. नाव, उंची, वय सुरुवातीलाच सांगा, आणि वय खरे सांगा. पांढऱ्या केसांच्या, मराठी स्वच्छ बोलणाऱ्या बायका निवड करणाऱ्यांना सहज मिळत नाहीत, तेव्हा हीच आपली जमेची बाजू आहे. ऑडिशनचे, नोंदणीचे किंवा छायाचित्रसंग्रहाचे पैसे मागणाऱ्याकडे पुन्हा फिरकू नका. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. काम ठरले की दिवसाचा दर, प्रवास व निवासाचा खर्च आणि जास्तीच्या तासांचा मोबदला लेखी घ्या. मालिकांचे पैसे साधारण नव्वद दिवसांनी हातात येतात, हा या व्यवसायातला रिवाज आहे, त्यामुळे पहिले तीन महिने बँकेच्या निवृत्तिवेतनावर काढायची तयारी ठेवा आणि प्रत्येक दिवसाची नोंद वहीत, तारीखवार, चित्रीकरणावरच्या माणसाची सही घेऊन करा. बँकेत इतकी वर्षे काढल्यावर हे आपल्याला शिकवायला नकोच.